खुलासा : तू यूयू यांच्याबद्दलचा फिरता मेसेज

‘एकही शोधनिबंध न छापता नोबेल मिळवणारी चिनी बाई, जुन्या पोथीतला काढा उकळून प्या, मलेरिया पळेल’ असा मेसेज सध्या फिरतोय. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्याकडे डॉक्टरेट नाही, हे खरं. 2015 चं वैद्यकशास्त्राचं अर्धं नोबेल त्यांना मिळालं, हेही खरं. पण निबंध नाहीत, हे चूक. मलेरियावरचं ते काम 1967 साली सुरू झालेला गुप्त लष्करी प्रकल्प होता. त्यामुळे त्यातून वनस्पतीपासून मिळालेल्या आर्टेमिसिनिन या मलेरियाच्या औषधाच्या रचनेवरचा 1977 चा निबंध कुणा एकाच्या नावाने नाही, संशोधक गटाच्या नावाने छापला गेला. नावाने शोधलं तर तो सापडणार कसा? पुढे 1982 साली ‘प्लांटा मेडिका’त आणि 2011 साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये त्यांच्या नावानेच लेखन आलं आहे. कुणीही उघडून पाहावं.

काढ्याची गोष्ट तर अगदी उलटी आहे. चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी वैद्याच्या ग्रंथात ही वनस्पती (आर्टेमिसिया ॲन्युआ) पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलंय, उकळायला नाही. उष्णतेने गुण जात असावा, हे तू यूयूंनी त्यावरूनच ताडलं आणि कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं. 1971 मध्ये त्या अर्काने उंदीर-माकडांमधले परजीवी नाहीसे झाले.

या वनस्पतीचा काढा-चहा मलेरियासाठी घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ताप असेल तर रक्त तपासा, डॉक्टर देतील त्या गोळ्या पूर्ण घ्या. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल त्या ग्रुपवर हा खुलासा टाका.