स्वित्झर्लंडला सायकल घेऊन येताय? घाट राहू द्या, आधी एंगादिनची गाडी नसलेली खोरी बघा

मंडळी, हल्ली पुण्या-मुंबईचे बरेच सायकलवाले उन्हाळ्यात आल्प्समध्ये यायला लागलेत, आणि मी झुरिकमध्ये राहतो म्हणून त्यातले बरेच जण आधी मला रूट विचारतात. जवळजवळ प्रत्येकाच्या यादीत तीच नावं असतात, बर्निना, यूलियर, फ्लुएला, स्टेल्वियो. घाट सुंदर आहेत, प्रश्नच नाही. पण जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या छान उन्हाच्या रविवारी त्या घाटांत मोटरसायकलींचे ताफे तुमच्या कोपराजवळून जातात, मागे कॅम्परव्हॅन लागलेली असते, आणि वर पोचेपर्यंत अर्धं लक्ष मागून येणाऱ्या आवाजाकडेच गेलेलं असतं. एवढा खर्च करून, सुट्टी टाकून, सायकल बॉक्समध्ये पॅक करून इथवर आणायची ती यासाठी?

माझं स्पष्ट मत आहे, आल्प्समधलं खरं सायकलिंग गाडी नसलेल्या खोऱ्यांत आहे, खडीच्या रस्त्यांवर. आणि त्यासाठी एंगादिनसारखी जागा मी तरी दुसरी पाहिली नाही.

एंगादिन म्हणजे ग्राउब्युंडेन कँटनमधलं (कँटन म्हणजे तिथलं राज्य) इन नदीचं खोरं. वरच्या भागात खोऱ्याचा तळच १,७००-१,८०० मीटरवर आहे, म्हणजे घाट न चढताच तुम्ही उंचावर असता, झुरिकहून ट्रेनने सायकलसकट तिथे उतरता येतं. सेंट मॉरिट्झचं नाव ऐकून श्रीमंतांची जागा वाटते, हॉटेलं महाग आहेत हे खरंच, पण पोंत्रेसिनाला स्टेशनच्या अगदी शेजारी यूथ हॉस्टेल आहे आणि गावागावात दगडी हौदांत पिण्याचं गार पाणी अखंड वाहत असतं, बाटली भरा आणि निघा.

पोंत्रेसिनाहूनच वाल रोझेग (वाल म्हणजे खोरं) सुरू होतं. सात-एक किलोमीटरचा खडीचा रस्ता आणि चढ मिळून दोनशे मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या निम्मासुद्धा नाही. बाहेरच्या गाड्यांना आत प्रवेश नाही. घोड्यांच्या बग्ग्या जातात, चालणारे जातात, सायकली जातात. एका बाजूला नदी, वर लार्चचं जंगल, आणि शेवटी २,००० मीटरवर एक जुनं हॉटेल, समोर रोझेग आणि सेलाची बर्फाळ शिखरं. गुडघ्याची तक्रार असलेली माझी आई ई-बाईकवर इथे वरपर्यंत आली. सायकलवर बसायचीच तिला भीती वाटायची, पण मागून काही येणार नाही ही खात्री पटल्यावर तिचे खांदे सैल झालेले मला मागून दिसत होते. रस्ता तोच, चढ तोच, पण गाड्या असत्या तर ती पहिल्या वळणावरून परत फिरली असती. सेफ्टी म्हणजे हेल्मेट आणि लाईट एवढंच समजणाऱ्या आपल्या लोकांनी हे एकदा अनुभवावं असं मला मनापासून वाटतं.

सिल्स मारियाहून वाल फेक्स, तिथेही तेच, गावकऱ्यांना आणि परवाना असलेल्यांना गाडी, बाकी सगळ्यांनी बग्गी, पाय नाहीतर सायकल. बेव्हरहून वाल बेव्हर, रस्ता स्पिनासपर्यंत, तिथे आल्बुला बोगद्यातून लाल ट्रेन बाहेर येते. ही रेल्वे लाइन १९०३-०४ ची, आता जागतिक वारसा यादीत आहे. दिवस कमी असतील तर बेव्हर राहू द्या, पण फेक्स चुकवू नका.

आता मुद्दा असा की लोक म्हणतात, त्यांच्याकडे निसर्गच तसा आहे, आपलं काय. अहो, निसर्गाने गाड्या अडवलेल्या नाहीत, माणसांनी अडवल्यात. या ग्राउब्युंडेन कँटनने १९०० मध्ये सगळ्या रस्त्यांवर मोटारगाड्यांना बंदी घातली होती आणि ती १९२५ पर्यंत टिकली! पंचवीस वर्षं, आणि या काळात लोकांनी पुन्हा पुन्हा मतदान करून ती टिकवली. धूळ, बुजणारे घोडे, अरुंद रस्ते, शिवाय कँटनने रेल्वेत घातलेला पैसा, अशी कारणं होती. सगळी बरोबर होती असं मी म्हणत नाही, डोंगरातल्या गावाला डॉक्टर आणि सामान वेळेत पोचायला हवंच. पण रस्ता कोणासाठी हे आपण ठरवायचं, ही सवय तिथल्या लोकांना शंभर वर्षांपूर्वीच लागली. सिल्सच्या तळ्याचंही तसंच, तिथे वीजप्रकल्प होणार होता, तो थांबवायला १९४६ मध्ये देशभर चॉकलेटची नाणी विकून पैसा उभा केला आणि तळं वाचलं. २०१८ मध्ये तर सायकलमार्गांचा विषय थेट राज्यघटनेत घालायला जवळपास ७४ टक्के लोकांनी हो म्हटलं, त्यावरून आलेला कायदा २०२३ पासून लागू आहे आणि कँटनांना सायकलमार्गांचं जाळं २०४२ पर्यंत पूर्ण करायचंय.

आणि हे चालतं कारण गाडीला पर्याय दिलाय. खोऱ्याच्या तोंडाशी स्टेशन किंवा बसस्टॉप, ट्रेन नियमित, सायकलचं वेगळं तिकीट काढलं की सायकल डब्यात. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर जातो, हॉटेलचं सामान जातं, कोणाचं पोट बंद झालेलं नाही, उलट गाड्या नाहीत म्हणूनच लोक तिथे पैसे देऊन राहतात.

मुख्य खोऱ्यातला रूट सिल्सपासून खाली त्सेर्नेझपर्यंत करा, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, बराचसा जंगलातून, तळ्यांच्या आणि नदीच्या काठाने, मोठ्या रस्त्यापासून बाजूला. एक गोष्ट लक्षात ठेवा, उन्हाच्या दिवशी दुपारी खोऱ्याच्या वरच्या टोकाला असलेल्या मालोयाकडून जोरदार वारा सुटतो आणि तो खोऱ्यातून खालच्या दिशेला वाहतो, सिल्वाप्लानाच्या तळ्यावर काइटसर्फिंगवाले त्याचीच वाट बघत असतात. म्हणून सकाळी वर जा, दुपारी वारा पाठीवर घेऊन खाली या, आणि त्सेर्नेझहून ट्रेनने परत. सामेदानजवळ जे सपाट मैदान लागतं तिथे फ्लाझ नदीला नवीन पात्र करून दिलंय, गावाला पुराचा धोका होता म्हणून, थांबून बघण्यासारखं काम आहे. शेवटी जंगलात थोडे चढउतार येतात, सोपा गिअर हवा. टायर ४०-४५ एमएमचे ट्यूबलेस पुरतात, माउंटन बाईक लागत नाही.

त्सेर्नेझला पोचल्यावर शेजारीच स्विस नॅशनल पार्क आहे, १९१४ चं, आणि त्याच्या पायवाटांवर सायकल चालत नाही. काही रायडर यावर कुरकुर करतात, मला ते अजिबात पटत नाही. गाड्यांनी आपल्यासाठी थांबावं असं वाटत असेल तर हरणांसाठी आपणही थांबायला हवं. तसंच चालणाऱ्यांचं, रोझेगच्या रस्त्यावर घोडा किंवा माणूस दिसला की वेग कमी करा, लांबूनच बेल द्या, हसून ‘आलेग्रा’ (तिथला नमस्कार) म्हणा, लोक स्वतःहून वाट देतात.

आणि हे महाराष्ट्रात होणार नाही असं कृपया कोणी म्हणू नका, आपल्याकडे माथेरान आहे. गाड्या दस्तुरीला थांबतात आणि पुढे गाव चालतं, हॉटेलं चालतात, लोक मुद्दाम त्यासाठीच जातात. तिथल्या अडचणी मला माहिती आहेत, ओझी वाहणाऱ्यांचे हाल आहेत, ते सुटायलाच पाहिजेत. पण पावसाळ्यातल्या रविवारी ताम्हिणीत किंवा फुलांच्या सीझनला कासच्या रस्त्यावर अडकलेल्या प्रत्येकाने विचार करावा, की काही ठरावीक रस्त्यांवर, काही ठरावीक दिवशी गाडी खालीच लावून बस आणि सायकलीच वर सोडल्या तर नक्की कोणाचं काय बिघडेल? कासला सीझनमध्ये खाली पार्किंग करून बसने नेण्याची पद्धत आहेच, ती वाढवा, त्यात सायकली आणा.

पुढच्या वर्षी येणारे जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत कधीही या, लार्च पिवळे बघायचे असतील तर ऑक्टोबरचा मध्य. मुलं बरोबर असतील तर पहिला दिवस रोझेगचाच ठेवा, आणि घाट करायचेच असतील तर शेवटच्या दोन दिवसांत, तेही सकाळी सहाला निघून.