बावन्न पानी संस्कार

मे महिन्यात नाशिकच्या दुपारी मुलांना खाली सोडवत नाही आणि घरात ती आवरत नाहीत, म्हणून ताईची दोन आणि आमचा एक अशी तिन्ही कार्टी समोर बसवून मी पत्त्यांतून सद्गुण शिकवण्याचे व्रत घेतले. संस्कार वर्गाला फी पडते. कॅट घरातच होता, फक्त त्यातली चौकटची दुर्री हरवल्यामुळे तिच्या जागी जोकर बदली कामगार म्हणून उभा होता.

संयमासाठी भिकार-सावकार निवडला. पाने पालथी धरून एकेक टाकत जायचे आणि वरच्या पानाशी जोडी जमली की सगळी चवड उचलायची, एवढाच हा खेळ असल्यामुळे त्यात अक्कल लागत नाही आणि डाव काही केल्या संपत नाही. भाचीची पाने संपली तेव्हा ती म्हणाली, "मामा, नाशिकरोडला नोटा छापतात ना? मग तिथून मला थोडी पानं छापून आण की." १९२८ पासून चालू असलेल्या त्या छापखान्याची माहिती आदल्याच दिवशी मी तिला मोठ्या अभिमानाने दिली होती.

दुसऱ्यासाठी वाट मोकळी करावी, हे बिंबवण्यासाठी बदाम सात काढला. हा खेळ म्हणजे अडवणुकीचे रीतसर प्रशिक्षण आहे, हे पहिल्या डावातच मोठ्या भाच्याने ओळखले. हातात दुसरे चालणारे पान असेपर्यंत किलवरची छक्की दाबून ठेवणे नियमात बसते. त्याने ती अशी दाबली की बाकीचे सगळे पंजीपासून एक्क्यापर्यंतचा संसार हातात घेऊन "पास, पास" करीत बसले. "अरे, जरा दुसऱ्याचा विचार कर," असे मी म्हणालो. "तोच तर करतोय, मामा," तो म्हणाला, आणि तर्काच्या दृष्टीने ते बिनतोड होते.

सत्यवचनासाठी चॅलेंज खेळवणे हा सौभाग्यवतींच्या मते शुद्ध वेडेपणा होता. खोटे पकडले जाते, हे मुलांना कळावे असा माझा हेतू; पण भाचीने पाच पाने पालथी टाकून "पाच राण्या" असे इतक्या निरागसपणे जाहीर केले की, कॅटात राण्या चारच असतात हे ठाऊक असूनही चॅलेंज द्यायला कोणाची जीभ रेटेना.

औदार्य गुलामचोरवर सोपवले. एक गुलाम आधीच बाजूला काढलेला असल्यामुळे जोड्या टाकता टाकता शेवटी ज्याच्या हाती एकटा गुलाम उरतो, तो चोर. चोराला सगळ्यांनी चिडवण्याऐवजी पहिल्या सुटणाऱ्याने आपल्या वाटीतला चिवडा त्याला द्यावा, अशी मी नवी घटना केली. ती अमलात येताच तिघेही गुलामासाठी एकमेकांच्या हातावर तुटून पडले, जमलेल्या जोड्या मांडीखाली लपवू लागले आणि जिंकण्याची इच्छा असलेला घरात मी एकटाच उरलो. मी सर्वांत आधी सुटलो. चिवडा माझ्या वाटीतला गेला, वर "मामा, कांदा घालून दे" अशी फर्माईशही आली.