उतारा आणि उतार

शेतकऱ्याला आयुष्यभर दोन गोष्टींसाठी पायपीट करावी लागते. एक म्हणजे सातबाऱ्याचा उतारा आणि दुसरी म्हणजे जमिनीचा उतार. पहिला तलाठ्याकडे मिळतो आणि आता ऑनलाइनही निघतो. दुसरा मात्र निसर्गाने ज्या गावाला दिला नाही, त्या गावाला तो कोणत्याही पोर्टलवरून काढून मिळत नाही. यवतमाळ जिल्ह्यातले आमचे गाव अशा अभागी गावांपैकी आहे. काळी कसदार जमीन, ताटासारखी सपाट, आणि तिच्यात माझा ३५ अश्वशक्तीचा, १९८९ साली वडिलांनी कर्ज काढून घेतलेला ट्रॅक्टर. संपूर्ण शिवारात त्याला उभे करण्याजोगा उतार एकच आहे, तो मारुतीच्या देवळामागे नाल्याकडे जाणारा. गेली नऊ वर्षे आमचा ट्रॅक्टर रोज संध्याकाळी तेथे नाल्याकडे तोंड करून, चाकापुढे दगड घेऊन झोपतो. नवीन पाहुण्यांना वाटते की ही मारुतीवरील श्रद्धा आहे. एका अर्थाने तसे म्हणायलाही हरकत नाही, कारण सकाळी दगड काढताना मी त्याचेच नाव घेतो.

शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी शेती हातात घेतली, तेव्हा हा उतार माझ्या नशिबात का आला, हे मला ज्याने समजावून सांगितले तो मिस्त्री माझाच विद्यार्थी निघाला. सातवीत मी त्याला गणितात नापास केले होते. ही गोष्ट तो विसरला असावा, अशी माझी समजूत होती.

"गुरुजी, सेल्फ चांगला हाये. रिंगचे दात गेले," तो म्हणाला.

मग त्याने फळ्यावर लिहून दाखवावे तसे ऑइलने माखलेल्या बोटाने मडगार्डवर एक वर्तुळ काढले. ते फ्लायव्हील. त्याच्या कडेने दात्यांची रिंग असते आणि किल्ली फिरवली की स्टार्टरचे, म्हणजे त्याच्या भाषेत सेल्फचे, छोटे चाक त्या दातांत अडकून इंजिनाला पहिली गिरकी देते. इंजिन बंद होताना मात्र वाटेल तेथे थांबत नाही. सिलिंडरमध्ये दाबली गेलेली हवा त्याला मागे रेटते आणि ते दर वेळी ठरलेल्या दोन-तीन जागांपैकीच एका जागी विसावते. त्यामुळे स्टार्टरचा मार वर्षानुवर्षे त्याच त्या दातांना बसतो. बाकीची रिंग नवीकोरी राहते आणि तेवढे दात झिजून बोळके होते. इंजिन चांगल्या दातांवर थांबले असेल तर ट्रॅक्टर शहाण्या मुलासारखा सुरू होतो. बोळक्यावर थांबले असेल तर नुसती 'किर्रर्र' अशी किंकाळी ऐकू येते आणि देवळावरची कबुतरे उडतात.

"रिंग बदलून टाकू," मी म्हणालो. नव्या शेतकऱ्याचा उत्साह तो.

"बदलू ना. पण त्याच्यासाठी ट्रॅक्टर मधातून खोला लागते. इंजिन इकडं, गिअरबॉक्स तिकडं. आन् खोललंच आहे तं क्लच प्लेट, ऑइल सील, सगळंच पाहून घेऊ."

हे 'खोललंच आहे तर' ज्याने एकदा ऐकले आहे, तो दवाखान्यात आणि गॅरेजमध्ये पुन्हा सहसा काहीही खोलू देत नाही. मी उताराचा मार्ग पत्करला: ट्रॅक्टर उतारावरून सोडायचा आणि गिअरमध्ये टाकायचा, म्हणजे स्टार्टरऐवजी चाकेच इंजिनाला पहिली गिरकी देतात.

वडिलांच्या हाती हा ट्रॅक्टर असा वागत नसे, किंवा वागत असेल तर त्यांनी ते घराबाहेर येऊ दिले नाही. त्यांनी बैलांची एक जोडी विकून तो घेतला होता आणि ते अपराधीपण त्यांच्या मनातून कधी गेले नाही. पोळ्याला ते त्याच्या बॉनेटवर झूल टाकत, दिव्यांमध्ये बाशिंग बांधत आणि पुरणपोळीचा घास रेडिएटरपुढे धरून मग तो स्वतः खात. त्यांचे एक निरीक्षण मला आजही पटते. बैल आजारी असला तर तो संध्याकाळी गव्हाणीतच वैरण सोडून तसे कळवतो. ट्रॅक्टर मात्र आपले दुखणे भर रस्त्यात, ट्रॉली भरलेली असतानाच सांगतो.

त्याला बोलता येत नाही असे मात्र नाही. तो धुराने बोलतो आणि ही भाषा शिकण्यात माझी निवृत्तीची पहिली दोन वर्षे गेली. काळा धूर आला तर डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे, म्हणजे एअर क्लिनरच्या ऑइलच्या वाटीत शिवारातला गाळ साचला आहे. निळसर धूर आला तर इंजिन स्वतःचेच ऑइल पिऊ लागले आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. थंडीत सकाळी पांढरा धूर निघाला तर काळजी नसावी; पण तो दुपारपर्यंत टिकला आणि डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखे काही दिसू लागले, तर पाणी ऑइलमध्ये शिरले आहे असे समजून बँकेचे पासबुक शोधायला घ्यावे. आमच्या ट्रॅक्टरने एका हंगामात हे तिन्ही रंग दाखवले. झेंडावंदनाच्या दिवशी तरी त्याने रंग बदलून पाहावेत, असे माझ्या नातवाचे मत पडले.

डिझेलचा काटा वडिलांच्या काळातच शून्यावर आडवा झाला आहे. त्यामुळे टाकीत पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, काडी बुडवून डिझेल मोजायचे, अशी पद्धत. एकदा काडी बुडवायची राहिली, टाकी कोरडी पडली आणि पाइपांमध्ये हवा शिरली. मिस्त्री आला, पण त्याने पान्हा माझ्या हाती दिला आणि स्वतः बांधावर बसला.

"सांगा गुरुजी, पहिले काय सोडायचं?"

"फिल्टरवरचा स्क्रू," मी म्हणालो.

"मंग?"

"फीड पंपाची कांडी हाताने दाबत राहायचे. बुडबुडे थांबून स्वच्छ डिझेल आले की स्क्रू आवळायचा."

"मंग?"

"मोठ्या पंपावरचा स्क्रू. तसेच करायचे."

"आन् मंग?"

मी गप्प राहिलो. तोंडी परीक्षेत मुले माझ्यापुढे जशी छताकडे पाहत असत, तसा मी आभाळाकडे पाहू लागलो.

"नोझलचे नट कोण सोडन?" तो शांतपणे म्हणाला. "सातवीत नापास तुम्ही."

तो काहीच विसरला नव्हता. शिवाय इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलमधली हवा काढायची तर नट ढिले करून इंजिन फिरवावे लागते, ते फिरवायला स्टार्टर लागतो, आणि स्टार्टर बोळक्यावर होता. अखेर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने टोचन करून आमचा ट्रॅक्टर देवळामागच्या उतारापर्यंत ओढत आणला आणि राहिलेली परीक्षा मारुतीच्या साक्षीने पार पडली.

पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाला या सर्वावर एकच उपाय दिसतो, तो म्हणजे नवीन यंत्र. त्याने मला ट्रॅक्टर काही दिला नाही, पण कापूस वेचण्याचे हातात धरायचे, बॅटरीवरचे यंत्र पाठवले. पिस्तुलासारखा त्याचा आकार, पुढे दातेरी फिरते रूळ, मागे पिशवी. सीतादहीचा नैवेद्य दाखवून पहिली वेचणी सुरू झाली, त्या दिवशी मी ते घेऊन ओळीत उभा राहिलो. दोन्ही हातांनी झपाझप बोंडे रिकामी करत बायका पुढे निघून गेल्या आणि मी रुळांत अडकलेली सुकी पाने काढत मागे राहिलो. त्यांच्यातल्या एकीने माझ्या पिशवीत डोकावून विचारले, "गुरुजी, हे मशीन कापूस वेचते का पालापाचोळा?" बॅटरी दुपारी उतरली आणि चार्जिंगची वेळ झाली, तेव्हा वीज गेली होती.

शिक्षकाची खोड अशी की प्रयोग फसला तर तो पुस्तक उघडतो. अमेरिकेतील जॉन रस्ट नावाच्या संशोधकाला फिरत्या चात्यांवर कापूस चिकटवण्याची युक्ती १९२७ च्या सुमारास सुचली. लहानपणी दवाने ओल्या झालेल्या कपाशीची बोंडे बोटांना चिकटत आणि त्याची आजी सूत काढताना चरख्याची चाती ओली करत असे, ही आठवण त्याच्या कामी आली. तिकडच्या प्रचंड वेचणी यंत्रांतील चात्या आजही पाण्याने ओल्या ठेवल्या जातात. हे वाचून मी हर्षभरित झालो आणि माझ्या यंत्राचे रूळ ओल्या फडक्याने पुसून कपाशीला लावले. अर्ध्या मिनिटात रुळांभोवती कापसाचा असा घट्ट पीळ बसला की तो कात्रीने कापून काढावा लागला. पत्नीने त्याच्या वाती वळल्या आणि त्या कार्तिकातल्या काकडआरतीला महिनाभर पुरल्या. आजी कोणाची, यालाही काही महत्त्व असते.

ती प्रचंड यंत्रे आमच्याकडे का येत नाहीत, असेही मुलगा विचारतो. तिकडे कपाशी दाट आणि बुटकी लावतात, औषध फवारून तिची पाने गाळतात, सारी बोंडे जवळजवळ एकाच वेळी फुटतात आणि यंत्र एका फेरीत शेत मोकळे करते. आमची पऱ्हाटी माझ्या खांद्याला लागते, फांद्या चहूकडे फाकलेल्या आणि बोंडे दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत सवडीने फुटणार. तीन-चार वेचे केल्याशिवाय ती हाती लागत नाहीत. तसले यंत्र आमच्या शेतात उतरवले तर पहिल्याच फेरीत कापूस, कच्ची बोंडे, तुरीचे तास आणि कदाचित बांधही वेचून घेईल. शिवाय ते उतारावर लावता येईल का, हा माझा प्रश्न मुलाने निरुत्तर ठेवला आहे.

आता त्या रात्रीविषयी.

डिसेंबरात हमीभावाच्या खरेदीसाठी ट्रॉली भरून निघालो. सातबाऱ्याचा उतारा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला होता, कारण त्यावर कपाशीची नोंद दिसल्याशिवाय केंद्रावर कोणी बोलत नाही. कापूसही चार दिवस उन्हात वाळवला होता, कारण ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत हवा, १२ च्या वर गेला की ट्रॉली परत. ताडपत्री बांधली, सायलेन्सरच्या तोंडाला ठिणगी अडवणारी जाळी लावली. एवढी सिद्धता करून केंद्रावर पोहोचलो आणि पाहिले तो आवार आमच्या शिवाराहूनही सपाट. पुढे चाळीसेक ट्रॉल्यांची रांग होती.

अशा रांगेत जुन्या ट्रॅक्टरच्या मालकापुढे मोठा पेच असतो. इंजिन बंद करावे तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही, चालू ठेवावे तर कापसाच्या पैशातून डिझेल जळते. भरलेल्या ट्रॉलीला धक्का मारणे हे गावभर माणसे जमवूनही शक्य होत नाही. मी इंजिन चालू ठेवून गोधडी पांघरली. नव्या ट्रॅक्टरवाले निवांत घोरत होते. आम्ही चारपाच जण, ज्यांची इंजिने धडधडत होती, एकमेकांकडे न बोलता पाहत होतो. बारा वाजता मागच्या ट्रॉलीवरून आवाज आला, "गुरुजी, बंद करा ना बाप्पा! झोप नाही लागून राहिली. सकाळी टोचन मी देतो!" शिक्षकाने लोकांच्या झोपेत व्यत्यय आणणे बरे नव्हे; ते काम मी वर्गात पुरेसे केले होते. मी इंजिन बंद केले आणि पहाटेपर्यंत डोळे उघडे ठेवून त्याच्या थांबण्याच्या जागेचा विचार करत राहिलो.

सकाळी ते पहिल्याच किल्लीला सुरू झाले. हा मला शुभशकुन वाटला, आणि येथेच माझे चुकले. भरलेल्या ट्रॉलीचे वजन झाले, ओलावा पास झाला, कापूस रिकामा झाला आणि रिकाम्या ट्रॉलीचे वजन करण्यासाठी मी पुन्हा काट्यावर चढलो. खिडकीतून काटेवाला ओरडला, "इंजिन बंद करा, आकडा थरथरते!" नियम पाळणे हा माझा पस्तीस वर्षांचा पेशा. मी इंजिन बंद केले. आकडा स्थिर झाला. किल्ली फिरवली आणि आवारातली कबुतरे उडाली.

मागे भरलेल्या ट्रॉल्यांचे हॉर्न सुरू झाले. "टॉप गिअर टाका अन् मागंपुढं हलवा, दात सरकन!" असे कोणीतरी म्हणाले, आणि पाहतो तो माझा मिस्त्रीच, स्वतःचा दोन क्विंटल कापूस घेऊन आलेला. गिअरमध्ये ट्रॅक्टर हलवला की चाकांबरोबर फ्लायव्हीलही थोडे फिरते आणि स्टार्टरपुढे नवा दात येतो, हे त्याने तेथे जमलेल्या मंडळींना समजावूनही सांगितले. दहाबारा जण चाकांना भिडले. इतक्यात काटेवाल्याने डोके बाहेर काढले. "अरे, पावती निघाची राहिली! काट्यावरून उतरा! रिकामं वजन वाढून राहिलं, गुरुजीचा कापूस दहा माणसांनी कमी भरन!" सगळे टुणकन उतरले. आकडा उतरला. छपाई यंत्र कुरकुरू लागले, तोवर मागच्यांचा धीर सुटला आणि सगळे पुन्हा चढले. एक हिसका, दुसरा हिसका, मी गिअर न्यूट्रलला घेतला आणि किल्ली फिरवली. दात लागला. काळा, निळा, पांढरा, जो निघायचा तो धूर निघाला आणि ट्रॅक्टर काट्यावरून सुटला.

पावती घेण्यासाठी मी थांबलो नाही. थांबणे शक्यच नव्हते. फाटकाबाहेर सडकेवर मिस्त्री हातात कागद फडकवत मागून धावत आला, ट्रॅक्टरच्या बरोबरीने पळत त्याने ती पावती माझ्या मुठीत कोंबली आणि दम लागलेल्या आवाजात म्हणाला, "गणित तपासून घ्या, गुरुजी!"

ती मी तपासली, पण देवळामागे ट्रॅक्टर उताराला लावून, चाकापुढे दगड ठेवल्यावर. वजन बरोबर होते. सातबाऱ्याचा उतारा मात्र खिडकीवरच राहिला होता. तो आणायला दुसऱ्या दिवशी एसटीने गेलो.