"अजून पैसे लागतायत?"

तीन-चार दिवसांनी कुणीतरी विचारतंच. "अजून चालूच आहे ट्रीटमेंट? फोटोत तर गाल छान वर आलेत!" अहो, ते गाल स्टेरॉइडचे आहेत, तब्येतीचे नव्हेत.

लेकीला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर आहे; प्रकार अक्यूट लिम्फोब्लास्टिक. तपासणीत कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा झाल्या म्हणजे सुटलो असं नसतं; लांबचा पल्ला तिथूनच सुरू होतो. एकूण 2 ते 3 वर्षं. रोजच्या गोळ्या, मधूनमधून पाठीच्या कण्यात इंजेक्शन, पांढऱ्या पेशी घसरल्या की साध्या तापालाही धावत हॉस्पिटल. (आणि तेही रात्रीच. ताप दिवसा येतच नाही.) त्यात माझी नोकरी सुटलेली. मदतीचं आवाहन पुन्हा पुन्हा टाकते ते हौस म्हणून नाही.

दुसरा आवडता प्रश्न: "तिला खायला काय घालत होता?" लहान मुलांचे कॅन्सर सहसा खाण्यापिण्यामुळे होत नाहीत, हे दर सप्टेंबरात, मुलांच्या कॅन्सरच्या जागृती महिन्यात, त्याची खूण असलेल्या सोनेरी रिबिनीखाली लिहून लिहून दमले. त्याच पोस्टला हार्ट टाकून तीच माणसं मला काढ्याची कृती पाठवतात. "केमो म्हणजे विष, झाडपाल्याचं बघा." अहो, तिला देतात ते केमोचं औषध, व्हिन्क्रिस्टीन, मुळात सदाफुलीतूनच सापडलंय! फक्त ते शिरेतून जातं, मोजूनमापून.

पैसे नसतील तर नका देऊ, खरंच. रक्त द्या, प्लेटलेट द्या. तेही नको? मग निदान तिच्या गालांचं कौतुक तरी थांबवा.