फौजीला सरकारवर दावा लावता येत नाही, हे कुणी सांगितलं?

माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: 'भरतीच्या कागदावर सही केली की शरीर सरकारचं. एमएचमध्ये (मिलिटरी हॉस्पिटलमध्ये) डॉक्टरची चूक झाली तरी फौजीला कोर्टात जाता येत नाही, अमेरिकेतही हाच कायदा आहे. उपचार फुकट, म्हणून ग्राहक कायदा लागत नाही. तक्रार करायचीच तर फक्त एएफटीत (सशस्त्र सेना न्यायाधिकरणात), आणि केलीत तर पेन्शन गेली समजा.' खाली दोन तिरंगे आणि जोडलेले हात. मला तो एका सुभेदारसाहेबांकडून आला. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण मजकूर जवळजवळ सगळा चुकीचा आहे.

आधी अमेरिका, कारण मेसेजचं बळ तिथूनच उसनं आणलंय. असा नियम तिथे आहे खरा, पण तो संसदेने केलेला नाही. १९५० साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने फेरेस खटल्यात तो काढला. तीन प्रकरणं एकत्र ऐकली गेली होती. त्यातल्या एका सैनिकाच्या पोटावर लष्करी इस्पितळात शस्त्रक्रिया झाली होती. आठेक महिन्यांनी, तो फौजेतून सुटल्यावर, पोट पुन्हा उघडावं लागलं तेव्हा आत टॉवेल निघाला. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, आणि वर छापलेलं 'मेडिकल डिपार्टमेंट, यू. एस. आर्मी'. यापेक्षा बोलका पुरावा कुठला? तरी दावा फेटाळला गेला. सेवेच्या ओघात झालेल्या इजेसाठी सैनिकाने सरकारला कोर्टात खेचायचं नाही, असं ठरलं. वास्तविक सरकारवर दावा लावू देणाऱ्या १९४६ च्या मूळ कायद्यात युद्धकाळातल्या लढाईच्या कारवाया तेवढ्या वेगळ्या काढल्या होत्या, ऑपरेशन थिएटर नव्हे. १९८७ मध्ये त्याच कोर्टातल्या न्यायमूर्ती स्कॅलियांनी फेरेसचा निकालच चुकीचा होता, असं आपल्या विरोधी मतात लिहिलं.

शिवाय आता तिथेही 'हाच कायदा' जसाच्या तसा राहिलेला नाही. २०१७ मध्ये एका ग्रीन बेरे (लष्कराच्या विशेष दलातल्या) जवानाच्या फुफ्फुसातली गाठ लष्करी डॉक्टरांच्या नजरेतून सुटली. त्याने वॉशिंग्टनमध्ये खासदारांचे उंबरे झिजवले आणि डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला. आता लष्करी इस्पितळातल्या हलगर्जीपणासाठी सैनिकाला संरक्षण खात्याकडे भरपाई मागता येते. कोर्टाचं दार मात्र अजून बंदच. म्हणजे ज्याने चूक केली त्याच्याच खात्याने न्याय करायचा. हे मला पटत नाही, पण तो त्यांचा प्रश्न.

आपल्याकडे हे दार त्या पद्धतीने कधी बंदच नव्हतं. राज्यघटनेच्या कलम ३०० नुसार सरकारवर दावा लावता येतो. 'सार्वभौम काम' म्हणून सरकार हात झटकू पाहतं, हे खरं. पण त्याचं उत्तरही एका टॉवेलनेच दिलंय. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत एका बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये दिले, हायकोर्टाने तो हुकूम फिरवला, आणि १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्य सरकारला जबाबदार धरलं. इस्पितळ चालवणं हे फक्त सरकारच करू शकेल असं सार्वभौम काम नाही, असा त्याचा आशय. ती बाई फौजेतली नव्हती, असं कुणी म्हणेल. मग पुढचं वाचा.

ऑपरेशन पराक्रमच्या, म्हणजे पाकिस्तान सीमेवर फौज जमवली होती त्या वेळी, २००२ च्या जुलैत, हवाई दलाचा एक जवान सांबाच्या १७१ मिलिटरी हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. त्याला रक्ताची एक बाटली चढवली. २०१४ मध्ये तो एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाला. तो राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे गेला, तिथे तज्ज्ञाचा पुरावा नाही म्हणून हरला. २६ सप्टेंबर २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला आणि लष्कर व हवाई दल या दोघांनाही जबाबदार धरलं. भरपाई १ कोटी ५४ लाख ७३ हजार रुपये. शिवाय अपंगत्व पेन्शनची थकबाकीही सहा आठवड्यांत चुकती करा, असा आदेश दिला. मेसेजमधली पेन्शनची धमकी इथेच गळून पडते.

'फुकट उपचार' या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते इस्पितळ ग्राहक कायद्याबाहेर. पण नोकरीच्या अटींचा भाग म्हणून मालक खर्च उचलत असेल, तर ते फुकट नाही, हेही त्याच निकालात आहे. मध्य रेल्वेच्या इस्पितळाबाबत २००७ मध्ये कोर्टाने हेच सांगितलं. फौजीचं एमएच याहून वेगळं कसं?

एएफटीबद्दल थोडक्यात: ते पगार, बढती, पेन्शन अशा सेवाविषयक बाबींसाठी आहे. आजाराचा सेवेशी संबंध आहे का, हा वाद तिथे जातो. डॉक्टरच्या चुकीची भरपाई हा वेगळा मामला. आणि फौजीने कोर्टाची पायरी चढूच नये असं कायद्याच्या मनात असतं, तर आर्मी ॲक्टमध्ये कलम ३२ आलंच नसतं. दाव्यासाठी रजा घेतलेल्या जवानाचा खटला शक्यतो त्या रजेतच निकाली काढा, असं ते कोर्टाला सांगतं.

अडचण वेगळीच आहे. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची, आणि दिवाणी दाव्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. कागद नसले तर वकीलही काही करू शकत नाही. सांबाच्या प्रकरणात जवानाच्या हातात मेडिकल बोर्डाचा शेरा होता: आजार सेवेमुळे, २००२ मध्ये चढवलेल्या रक्तातून. तेव्हा डिस्चार्ज घेताना समरीची आणि बोर्डाच्या कागदांची प्रत मागून घ्या. टाळाटाळ झाली तर लेखी अर्ज करा आणि पोच जपून ठेवा.