घुशीचं इंग्रजी

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये घूस शिरली, यात माझा काही दोष नव्हता. पण तिच्याविरुद्ध इंग्रजीत पत्र लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. पंचवीस वर्षांपूर्वी मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालो, हे सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेत एकदा तोंडातून निघून गेलं होतं.

"पत्रात असा शब्द पाहिजे," चेअरमनकाका म्हणाले, "की शोधून काढा आणि समूळ नायनाट करा, दोन्ही त्यातच आलं पाहिजे. नाहीतर पेस्ट कंट्रोलवाला म्हणेल शोधायचे पैसे वेगळे, मारायचे वेगळे."

ज्यानं घूस पाहिली नाही त्याला ती सांगून कळायची नाही. आमच्या आवारातलं बोकडाएवढं मांजर तिला पाहून रस्ता बदलतं. एक दिवस पायाखालची फरशी खचते आणि मग कळतं की खाली चार दिशांना भुयारं गेली आहेत. इंग्रजीत तिला बँडिकूट म्हणतात. तोही शब्द साहेबाचा नाहीच, तेलुगूतल्या पंदिकोक्कूवरून उचललेला. अर्थ डुक्कर-उंदीर. साहेब जाताना नाव घेऊन गेला, घूस ठेवून गेला.

रात्री थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, उघडला. पीटर मार्क रॉजे नावाच्या डॉक्टरनं हा प्रकार १८५२ साली, सत्तरी उलटल्यावर छापला. त्याच्याही पार्किंगमध्ये काहीतरी शिरलं असावं, अशी मला दाट शंका आहे.

आधी शोधण्याचे शब्द. डिस्कव्हर म्हणजे मुळात झाकण काढणं. डिटेक्टचं लॅटिन खणलं तर तिथंही झाकणच काढलेलं. वॉचमनमामांनी चेंबरचं झाकण दोनदा काढून पाहिलं होतं. घुशीऐवजी तिसऱ्या मजल्यावरची हरवलेली बॅडमिंटनची फुलं सापडली. इन्व्हेस्टिगेटच्या पोटात पाऊलखूण निघाली, म्हणजे आपला माग काढणं. तेही झालं होतं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्याखाली रांगोळी पसरून ठेवली होती आणि सकाळी तीत पावलं उमटली ती दूधवाल्याची. मग फेरेट आउट मिळाला. फेरेट हा मुंगसासारखा लांबट प्राणी, तिकडे तो सशांच्या बिळात सोडतात. काकांना शब्द भलताच आवडला.

"मग एक मागवूनच घेऊ. केवढ्याला पडतो?"

तो शब्द मी ताबडतोब खोडला. एक प्राणी घालवायला दुसरा आणायचा, मग त्याच्यासाठी वेगळं पत्र.

आता नायनाट. इरॅडिकेटमध्ये लॅटिनचं रॅडिक्स आहे, म्हणजे मूळ. म्हणजे आपलं निर्मूलनच, जसंच्या तसं. त्याच मुळातून इंग्रजी रॅडिश निघाला आणि आपला मुळाही मुळातूनच आला. रात्री साडेअकराला एवढा मोठा शोध लागल्यावर माणूस बायकोला उठवणारच. "घूस मिळाली का?" तिनं विचारलं. नाही म्हटल्यावर कूस बदलली.

एलिमिनेट म्हणजे उंबऱ्याबाहेर घालवणं. आरोग्यखात्यांनी तर या दोन शब्दांत भिंतच घातली आहे. देवीचा रोग साऱ्या जगातून गेल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं, ते इरॅडिकेशन. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त ठरला, पण काही देशांत पोलिओ अजून आहे, म्हणून ते नुसतं एलिमिनेशन. हे मी कमिटीच्या बैठकीत समजावून सांगितलं आणि म्हटलं, आपल्याला जगातली प्रत्येक घूस मारायची नाही, तेव्हा एलिमिनेट पुरे.

"उंबऱ्याबाहेर म्हणजे पार्किंगमध्येच ना?" काकूंनी विचारलं. "तिथं तर ती आहेच."

या प्रश्नाला रॉजेकडे उत्तर नाही.

एक्सटर्मिनेट सुचवला. ऐकायला भयंकर, पण मूळ अर्थ फक्त सीमेपार हाकलणं. त्यावर मात्र सगळ्यांचे चेहरे खुलले. आमची सीमा म्हणजे मागची भिंत आणि भिंतीपलीकडे ती सोसायटी, जिच्याशी आमचं पाण्याच्या टँकरवरून तीन वर्षं बोलणं नाही. पण काका तत्त्वाचे पक्के. त्यांना एकाच शब्दात दोन्ही हवं होतं, म्हणून शेवटी रूट आउट ठरला. हुडकणंही त्यातच आणि उपटणंही. पत्र गेलं.

दुसऱ्या दिवशी पेस्ट कंट्रोलवाल्याचा फोन. "साहब, आपका लेटर मिला. समझ में कुछ नहीं आया. करना क्या है?"

मी म्हटलं, "बिल्डिंग में घूस है. निकालना है."

बराच वेळ शांतता. मग अतिशय गंभीर आवाजात, "साहब, घूस-वूस के चक्कर में हम नहीं पड़ते."

बँडिकूट म्हणून पाहिलं. उपयोग नाही. शेवटी म्हटलं, "बड़ा चूहा. बहुत बड़ा."

"तो ऐसा बोलो ना! चूहे का लेटर इतना लंबा?"

संध्याकाळी तो मोठा पिंजरा घेऊन आला. आत एक कांदाभजी अडकवली, भुयाराच्या तोंडाशी ठेवला आणि पैसे घेऊन निघाला. जाताना बजावलं, "खतम होने की गारंटी नहीं. नाम में ही कंट्रोल है." एवढ्या बैठका झाल्या, पण कंपनीच्या पाटीवर काय लिहिलंय ते आमच्यापैकी कोणी वाचलं नव्हतं.

पहाटे तीनला घूस अडकली. मारायला कोणी तयार होईना. गणपतीचं वाहन, असं काकू पुटपुटल्या. वाहन उंदीर असतो, हे मी सांगणार होतो, पण त्या वेळी शब्दांबद्दल बोलायची माझी पत राहिली नव्हती. वॉचमनमामांनी पिंजरा मागच्या भिंतीवर ठेवला आणि दार पलीकडच्या बाजूला उघडलं. लॅटिन न शिकलेल्या माणसानं एक्सटर्मिनेटचा मूळ अर्थ हुबेहूब करून दाखवला.

गेल्या रविवारी बेल वाजली. दारात त्या सोसायटीचे सेक्रेटरी, तीन वर्षांत पहिल्यांदाच. हातात कोरा लेटरहेड.

"तुमच्याकडे म्हणे इंग्रजी पत्र फार चांगलं लिहितात," ते म्हणाले. "आमच्या पार्किंगमध्ये काहीतरी शिरलंय."