36 मार्क आणि तीन दांडे

मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला ‘थिअरी ऑफ मशीन्स’मध्ये मला 36 मार्क पडले. पासिंगला 40 लागायचे. पेपरात चार दांड्यांचं फोर-बार मेकॅनिझम आलं होतं आणि त्याची इन्स्टंटेनियस सेंटर्स, म्हणजे दांडे त्या क्षणी ज्या बिंदूंभोवती फिरतात ते बिंदू, काढायची होती. मी चारही दांडे पट्टीनं सुबक काढले, त्यांना बाण केले आणि पानावर जिथं जागा रिकामी दिसली तिथं सेंटर मांडलं. पुढच्या खेपेला विषय सुटला. मी सॉफ्टवेअरमध्ये पळालो, अमेरिकेत आलो, डेन्व्हरजवळ घर घेतलं. सेंटर मात्र माझ्या मागावर होतं. त्यानं मला गाठलं ते माझ्याच गॅरेजात, जीपखाली उताणा पडलो असताना.

जीप म्हणजे चेरोकी एक्सजे, 1999ची. 1984 ते 2001 पर्यंत हा चौकोनी डबा अमेरिकेत निघत राहिला आणि सतरा वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर फारसा फरक पडला नाही. आमच्या मराठी मंडळात सगळ्यांकडं गुळगुळीत, चार्जिंगला लावायच्या गाड्या. गणपतीला त्यांच्या रांगेत माझी जीप उभी राहिली की लग्नाच्या हॉलबाहेर टमटम लागल्यासारखं दिसतं. पण मला युटामधल्या मोआबला जायचं होतं. तिथं 1967पासून ईस्टरच्या आठवड्यात देशभरचे जीपवाले जमतात आणि वाळूच्या दगडाच्या टेकाडांवर, जिथं शेळीसुद्धा दोनदा विचार करेल, तिथं गाड्या चढवतात. त्यासाठी मोठे टायर हवेत. मोठ्या टायरांसाठी गाडी उंच हवी. म्हणून मी पुढं उंच स्प्रिंगा घातल्या, मागं उंच पाटे घातले आणि गाडी साडेचार इंच वर उचलली. एका शनिवार-रविवारात. मला वाटलं, झालं.

त्यानंतर पुढचं टोक प्रत्येक खड्ड्यात असं आदळायला लागलं की बायकोनं शेजारच्या सीटवर बसणं सोडलं. शिवाय ताशी 45 मैलांच्या आसपास रस्त्यात एखादा सांधा आला की स्टिअरिंग अंगात आल्यासारखं घुमायचं. इथले लोक त्याला डेथ वॉबल म्हणतात.

ट्रेलवरच्या मित्रांनी एका सुरात निदान केलं: लाँग आर्म घाल.

त्यामागचं गणित खरंच साधं आहे, आणि तिथंच मी फसलो. ह्या गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल (दोन चाकांना जोडणारा कणा) चार दांड्यांनी बॉडीला धरलेला असतो, दोन खालून, दोन वरून. तो डावी-उजवीकडं सरकू नये म्हणून ट्रॅक बार नावाचा पाचवा दांडा आडवा. खालचा दांडा जेमतेम सव्वा फुटाचा. गाडी खाली होती तेव्हा तो जवळजवळ आडवा होता. साडेचार इंच वर उचलल्यावर सतरा अंश तिरका झाला. भाजीचा गाडा ढकलताना दांडा आडवा असेल तर गाडा स्पीडब्रेकरवरून जातो. तोच दांडा खांद्याएवढा उंच धरून ढकललात, तर तुम्ही चाक जमिनीत रोवत असता. माझी जीप प्रत्येक खड्ड्यात हेच करत होती. दांडा पावणेतीन फुटांचा केला तर तेवढ्याच उंचीला कोन आठ अंशांवर येतो. म्हणजे लांब दांडे घाला, मोकळे व्हा.

पण लांब म्हणजे कुठले? इथून माझा एक अख्खा हिवाळा गेला.

पहिला प्रकार रेडियस आर्म. बाजूला एकेक लांब दांडा, आणि वरचा छोटा दांडा बॉडीला न जोडता त्या लांब दांड्याच्याच पाठीवर बसवलेला. मजबूत, कमी तोडफोड. दोष असा की एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की दोन्ही दांडे अ‍ॅक्सलला दोन बाजूंनी पिळतात आणि सांध्यांतल्या बुशांच्या रबरात जेवढी माया असेल तेवढंच चाक हलतं. दुसरा प्रकार थ्री-लिंक: खाली दोन, वर एकच.

हा फरक बायकोला मी पूजेच्या सामानावरून समजावला. चौरंगाला चार पाय, म्हणून फरशी जरा वाकडी असली की तो डुगडुगतो आणि आपण खाली कागदाची घडी सारतो. तिवई कुठंही ठेव, बसते. तीन दांडे म्हणजे तिवई, कशातही अडकत नाहीत.

‘‘मग तिवई घे,’’ ती म्हणाली आणि फोनकडं वळली.

तेवढं सोपं असतं तर मी इंजिनिअर कशाला झालो असतो? तिवईचा वरचा पाय एकटा. ब्रेक मारल्यावर अ‍ॅक्सल पुढं गडगडायला बघतो, तेव्हा ती सगळी ओढ त्या एका दांड्यावर आणि त्याच्या एका बोल्टावर. शिवाय तो ठेवायचा कुठं? तिथं सायलेन्सरचा पाइप आहे, ऑइल पॅन आहे. वरचे दांडे तिरपे लावून ट्रॅक बारच काढून टाकायचा एक तिसरा थाट असतो, तो मी पाच मिनिटांत बाद केला. स्टिअरिंगचा दांडा बॉडीवरच्या बॉक्सपासून चाकापर्यंत तिरका जातो, ट्रॅक बार त्याला समांतर हवा. तो काढला तर गाडी खड्ड्यात गेली की स्टिअरिंग आपोआप वळतं. आयुष्यात एवढा ठाम निर्णय मी एकच घेतला आहे, हा.

उरले दोन. आणि तुलना करायची तर काढायचं काय? इन्स्टंटेनियस सेंटर.

थ्री-लिंकमध्ये बाजूनं बघायचं, वरच्या दांड्याची रेघ वाढवायची, खालच्याची वाढवायची, जिथं छेदतील तिथं सेंटर. ब्रेक मारल्यावर नाक किती खाली जाणार ते त्यावर ठरतं. मी एक्सेल शीट केली. दांडे थोडे समांतर झाले की सेंटर दूर पळायचं. एकदा ते अ‍ॅक्सलच्या मागं चाळीस फुटांवर निघालं. मी टेप घेऊन ड्राइव्हवेवर मोजत गेलो, तर ते रस्त्यापलीकडच्या आजोबांच्या हिरवळीत पडत होतं. मी तिथं वाकून बघतोय हे आजोबांनी खिडकीतून पाहिलं. हात हलवला. मीही हलवला. सांगणार काय, माझं सेंटर आलंय तुमच्याकडं?

आता दुखरी बाब. रेडियस आर्ममध्ये सेंटर काढावंच लागत नाही. दांडा जिथं बॉडीला बोल्टानं जोडलाय, तो बोल्टच सेंटर. बोट ठेवून दाखवता येतं. 1970च्या पहिल्या रेंज रोव्हरनं पुढं हेच घातलं, फोर्डच्या जुन्या ब्राँकोनं घातलं, लँड क्रूझर 80नं घातलं, चिमुकल्या जिम्नीतही तेच आहे. ह्या गाड्यांनी वाळवंटं पालथी घातली. आक्षेप होता तो फक्त मला, कारण माझ्या मनात पक्कं बसलं होतं की रेडियस आर्म म्हणजे नापास केटीवाल्यांची सोय. ज्याला सेंटर काढता येत नाही त्यानं बोल्टाकडं बोट दाखवून सुटावं! बायकोला हे कारण सांगितलं नाही. तिला ‘कॅस्टर अँगल’, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा बाजूनं दिसणारा कल, असं सांगितलं. तेही खोटं नाही, रेडियस आर्मवर चाक वर-खाली होताना कॅस्टर जास्त फिरतो. पण खरं कारण 36.

ईस्टर आला आणि गेला. शीटमध्ये सतरा टॅब झाले.

ऑगस्टमध्ये मिरजेहून माझे वडील, अप्पा, आले, सहा महिन्यांच्या मुक्कामाला. अप्पांनी एस.टी.च्या डेपोत तीस वर्षं गाड्यांखाली काढली. आठवडाभर मॉल आणि पर्वत दाखवून झाले, मग एका सकाळी ते चहाचा कप घेऊन गॅरेजात आले आणि खाली वाकले.

‘‘चासी कुठाय?’’

‘‘नाही. युनिबॉडी आहे, अप्पा. पत्र्याचीच घडी घालून केलेली.’’

ते गप्प झाले. एखाद्याच्या घरी गेल्यावर कळावं की खांबच नाहीत, तसा चेहरा. मग मागच्या बाजूला गेले आणि तिथून आवाज आला, ‘‘अरं, कमानपाटे!’’ सातासमुद्रापार जुना दोस्त भेटल्याच्या सुरात. यू-बोल्टावरून हात फिरवला, पाटे मोजले, समाधान झालं. ‘‘मागं हायत तर पुढं पण हेच घाल की. दांडं नकोत, शेंटर नको.’’

मी त्यांना शीट दाखवली. सतरा टॅब. त्यांनी चष्मा लावून तीन पाहिले.

‘‘गाडी करतीय काय?’’

‘‘आदळते. आणि पंचेचाळीसला थरथरते.’’

‘‘वाबलिंग मारतीय म्हण. बस आत. इंजिन चालू कर, स्टेरिंग डावं-उजवं हलव. जागेवरच.’’

मी हलवत राहिलो. खाली अप्पांचा हात ट्रॅक बारच्या वरच्या टोकाला होता. दहा सेकंद झाली असतील.

‘‘बंद कर. बोल्ट ढिला हाय. भोक लांबुळकं झालंय.’’

तो बोल्ट मीच बसवला होता, त्या शनिवार-रविवारी. बोल्ट नेमका किती आवळायचा ते मोजणारा टॉर्क रेंच शेजारी पडला होता. पण भूक लागली होती. वर्षभर तो बोल्ट खटखट करत स्वतःचं भोक मोठं करत बसला आणि मी रस्त्यापलीकडं सेंटर शोधत होतो. अप्पांनी ह्यावर काही म्हटलं नाही. डेपोत त्यांच्या हाताखालच्या पोरांना ते असं गप्प बसूनच मारायचे, असं ऐकून होतो.

भोकाला जाड वॉशर वेल्ड करून घेतला, नवा बोल्ट, नवा बुश. थरथर गेली. पासष्टला गाडी देवासारखी शांत. मला वाटलं आता दांड्यांचा विषय मिटला, आणि खरं सांगायचं तर जरा वाईटच वाटलं. पण पहिल्याच खडबडीत रस्त्यावर अप्पांचं डोकं छताला लागलं. सतरा अंश आपल्या जागी होते.

‘‘दांडं बारकं पडत्यात,’’ डोकं चोळत अप्पा म्हणाले. ‘‘लांब घाल.’’

‘‘तेच तर म्हणतोय वर्षभर!’’

‘‘मग घातलं का न्हाईस?’’

मी पुन्हा रेडियस आणि थ्री-लिंक सुरू केलं. चौरंग आला, तिवई आली. अप्पांनी रेडियस आर्मचं चित्र बराच वेळ पाहिलं. ‘‘ह्यात वाईट काय हाय?’’ मी कॅस्टर म्हणालो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. 36ची मार्कलिस्ट त्यांच्याच सहीनं कॉलेजात परत गेली होती.

मी थ्री-लिंकच मागवलं. पावणेदोन हजार डॉलर, तीन खोकी, एकेक एवढं जड की ते आणणाऱ्या माणसानं आत काय आहे विचारलं. एका खोक्यावर बसून अप्पा रोज चहा प्यायचे. बॉडीचा पत्रा पातळ म्हणून आधी त्याला जाड पट्ट्या वेल्ड करायच्या, सायलेन्सरचा पाइप वळवायचा, आणि त्याहीआधी पहिल्या पानावर ठळक अक्षरांत: मूळचे ब्रॅकेट कापून टाका. म्हणजे परतीचा रस्ता बंद. सव्वा फुटाचा दांडा मग कुणाच्याच उपयोगाचा नाही. त्या पानावर मी तीन आठवडे अडकलो.

अप्पांच्या परतीच्या तिकिटाला बारा दिवस राहिले होते. रविवारी त्यांनी गाडी स्टँडवर घेतली, चाकं काढली, खडूनं ब्रॅकेटवर रेघ मारली. कानात कापूस, डोळ्यांवर माझा गॉगल, हातात ग्राइंडर.

‘‘कापू?’’

‘‘दोन मिनिटं, अप्पा. वरच्या दांड्याचा कोन एकदा बघून घेतो.’’

मी आत आलो, लॅपटॉप उघडला. अठराव्या टॅबला नाव देत होतो, तेवढ्यात गॅरेजातून पत्रा किंचाळायला लागला.